वाचकांचे प्रश्न : कुठे तोडायचं, कुठे जोडायचं

यंत्र असो, स्वयंपाकघर असो की संगणकाची प्रणाली, ती सुट्या आणि बदलता येणाऱ्या भागांत कशी विभागायची या विषयावर आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधून आलेल्या पत्रांपैकी निवडक इथे घेतली आहेत. लांब पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : आमच्या वर्कशॉपमध्ये पाऊच पॅकिंगची मशिनं तयार होतात. ड्रॉइंग तेच, व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशिन) तीच, ऑपरेटरही तोच. तरी ग्राहकाकडे सुटा भाग पाठवला की तो बसत नाही. दर वेळी फिटरला कानस देऊन नाशिकला नाहीतर कोल्हापूरला धाडावं लागतं. चूक कुठे आहे?
— लघुउद्योजक, भोसरी

उत्तर : कानशीपासूनच सुरुवात करू. जोडणीच्या टेबलावर ज्या भागाला कानस लागली, तो भाग त्या एका मशिनचा झाला. ड्रॉइंगवरचं माप त्या भागात उरलं नाही आणि नवं माप कुठे लिहून ठेवलेलं नाही. सहा महिन्यांनी तुम्ही ड्रॉइंगप्रमाणे अगदी बरोबर भाग पाठवता, पण समोरचं मशिन ड्रॉइंगप्रमाणे नसतं. म्हणून दोष फिटरचा नाही. त्याला कानस घ्यावी का लागते, हे शोधायला हवं.

ड्रॉइंग काढून बघा. शाफ्ट 20, बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) 20, एवढंच लिहिलेलं असेल तर ते माप अर्धवट आहे. 20 मिमीचं भोक एच-7 मध्ये (मापात किती फरक चालेल, म्हणजे टॉलरन्स, त्याची ही प्रमाण श्रेणी) करायचं म्हणजे ते 20.000 ते 20.021 मिमीच्या दरम्यान हवं. त्यात फिरणारा शाफ्ट जी-6 मध्ये घेतला तर तो 19.980 ते 19.993 मिमी. आता सगळ्यात लहान भोक आणि सगळ्यात जाड शाफ्ट एकत्र आले तरी 7 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) मोकळीक राहते, आणि उलट टोकाला 41 मायक्रॉन. ढिगातला कुठलाही शाफ्ट आणि कुठलाही बुश उचला, ते बसणार आणि फिरणार. कानशीचं काम या दोन आकड्यांनी आधीच करून ठेवलं.

पण लिहिलं म्हणजे झालं असं नाही. शाफ्टसाठी इथे जेमतेम 13 मायक्रॉनचा पट्टा आहे. 0.02 मिमी लघुत्तम मापाच्या व्हर्नियरने तो तपासता येत नाही, कारण व्हर्नियरची एक रेघच 20 मायक्रॉनची. शाफ्टला मायक्रोमीटर हवा आणि भोकाला गो-नो गो प्लग गेज. गो बाजू आरामात आत जायला हवी, नो-गो बाजू तोंडाशीच अडायला हवी. ऑपरेटरने पहिला नग, मग ठरावीक नगांनंतर एक आणि इन्सर्ट (कापणारं बदलतं टोक) बदलल्यावर पुन्हा एक नग तपासायचा. इन्सर्ट झिजत जातो तसा शाफ्ट हळूहळू जाड होत जातो, हे संध्याकाळच्या नगांत दिसतं.

दुसरं कारण डॉवेल, म्हणजे दोन भाग नेमक्या जागी धरणारी पिन. जोडणी झाल्यावर दोन्ही भाग एकत्र धरून डॉवेलचं भोक मारायचं आणि रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) फिरवायचा, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. एका मशिनपुरतं ते झकास बसतं, पण ती दोन भोकं आता जन्माची जोडीदार झाली. त्यातला एक भाग बदलला की दुसरा निरुपयोगी. त्याऐवजी कडक बुश घातलेलं ड्रिल जिग (ड्रिलला वाट दाखवणारा साचा) करा, किंवा प्रत्येक भागाची डॉवेलची भोकं व्हीएमसीवर एकाच सेटिंगमध्ये, एकाच डेटमपासून (मापं जिथून मोजायची ती ठरलेली कड) मारा. मापं साखळीने देऊ नका. पाच भोकं एकापुढे एक, प्रत्येक अंतराला अधिक-उणे 0.1 मिमी असं दिलं, तर पहिल्यापासून पाचव्यापर्यंत अधिक-उणे 0.4 मिमी चूक साचू शकते. सगळी अंतरं एकाच कडेपासून दिली की प्रत्येक भोक आपापल्या 0.1 मध्ये राहतं.

दोन डॉवेल लावत असाल तर एक गोल आणि दुसरा डायमंड, म्हणजे दोन बाजूंनी छाटलेला, घ्या. छाटलेली एक बाजू पहिल्या डॉवेलकडे यायला हवी. दोन्ही गोल असले तर दोन भोकांमधल्या अंतराची थोडीशी चूकसुद्धा प्लेट बसू देत नाही, आणि मग पुन्हा कानस. बोल्टवर मात्र भाग नेमका बसवायचं काम टाकू नका. बोल्टने फक्त आवळायचं. एम-8 बोल्टसाठी प्लेटमध्ये 9 मिमीचं भोक ठेवलं तर 1 मिमी मोकळीक मिळते. ती प्लेट आणि खालचा आटे पाडलेला भाग यांत अर्धी अर्धी वाटा. म्हणजे प्रत्येक भोकाचा मध्य त्याच्या ठरलेल्या जागेपासून कुठल्याही दिशेला 0.25 मिमी सरकला तरी चारही बोल्ट लागतील.

तापमानही लक्षात घ्या. मोजमापाचं प्रमाण तापमान 20 अंश सेल्सिअस. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये 40 अंश असतात. 500 मिमीची ॲल्युमिनियमची प्लेट 20 अंशांच्या फरकाने सुमारे 0.23 मिमी लांबते आणि तेवढीच पोलादी प्लेट सुमारे 0.115 मिमी. दोन्ही एकमेकांवर बसणाऱ्या असतील तर भोकांच्या टोकांना फरक दिसतो. मशिनवरून नुकताच उतरलेला गरम भाग लगेच मोजून ‘ओके’चा शिक्का मारू नका.

आणि पावडर कोटिंग. एका बाजूला साधारण 60 ते 80 मायक्रॉन थर चढतो, म्हणजे भोकाचा व्यास 0.12 ते 0.16 मिमीने कमी होतो. बाहेरून कोटिंग करून आणलेल्या भागांवर कानस चालताना दिसली तर हेच कारण बहुतेक वेळा निघतं. जुळणाऱ्या पृष्ठांवर टेप आणि भोकांत रबरी बूच लावून द्यायचं, हे ड्रॉइंगवरच लिहा. कोटिंगवाल्याला तोंडी सांगितलेलं टिकत नाही.

सगळ्या मशिनला घट्ट टॉलरन्स देऊ नका; खर्च वाढेल आणि हाती काही लागणार नाही. ग्राहक काय बदलतो याची यादी करा : सीलिंग जॉ, कटर, बुश, बेल्टचे रोलर. हे भाग जिथे जोडले जातात तेवढ्याच जागा काटेकोर हव्यात. बाकी फ्रेम वेल्डिंगची असली तरी चालेल.

सुधारणा झाली का, हे तपासायची जुनी आणि खणखणीत पद्धत आहे. 1908 साली इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सच्या मोटार शर्यतीच्या ट्रॅकवर रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली तीन कॅडिलॅक गाड्या सुट्या केल्या गेल्या. भाग एकमेकांत मिसळले, त्यांतले 89 भाग काढून त्यांच्या जागी विक्रेत्याच्या साठ्यातले भाग घातले आणि पुन्हा तीन गाड्या जोडून प्रत्येकी 500 मैल पळवल्या. या चाचणीसाठी कंपनीला ड्यूअर ट्रॉफी मिळाली. तुम्हीही पुढच्या तीन मशिनांची सीलिंग युनिटं सुटी करा, भाग मिसळा आणि कानस कपाटात कुलूपबंद ठेवून पुन्हा जोडा. जो भाग अडेल त्याचं ड्रॉइंग दुरुस्त करायचं.

प्रश्न : पाच वर्षांपूर्वी मॉड्युलर किचन करून घेतलं. आता दोन दारांच्या बिजागऱ्या आणि एका ड्रॉवरचं चॅनल गेलं आहे. कारागीर म्हणतो, ते मॉडेल बंद झालं, अख्खं कपाट बदला. मग मॉड्युलर कशाला म्हणायचं?
— गृहिणी, कोथरूड

उत्तर : कपाट बदलायची घाई करू नका. आधी एक स्केल घ्या आणि मापं काढा.

दाराच्या आतल्या बाजूला बिजागरीच्या वाटीचं गोल भोक असतं. त्याचा व्यास 35 मिमी असला, आणि बहुतेक वेळा असतोच, तर अर्धं काम झालं. मग वाटीच्या दोन स्क्रूंच्या मध्यांमधलं अंतर मोजा : 45, 48 किंवा 52 मिमी. हे अंतर जुळणारी कुठल्याही कंपनीची बिजागरी दाराला लागेल. तिसरी गोष्ट बाक. दार कपाटाची बाजू पूर्ण झाकत असेल तर दुकानात 0 क्रँक मागायची, दोन दारं मधली एकच फळी वाटून घेत असतील तर 8 क्रँक, आणि दार चौकटीच्या आत बसत असेल तर 16 क्रँक. चुकीची क्रँक लावली की दार शेजारच्या दारावर घासतं, आणि मग ‘दुसऱ्या कंपनीची बसत नाही’ असा निष्कर्ष निघतो. कपाटाच्या बाजूला लागणारी पट्टी मात्र बिजागरीच्याच कंपनीची घ्या. बिजागरी आणि पट्टी यांचा खटका प्रत्येकाचा निराळा असतो.

चॅनल साधं टेलिस्कोपिक असेल, म्हणजे ड्रॉवरच्या दोन्ही बाजूंना दिसणारं, तर ते बदलणं सोपं आहे. उंची साधारण 45 मिमी, जाडी 12.7 मिमी आणि लांबी 18 किंवा 20 इंच, ही तीन मापं जुळली की झालं. ड्रॉवरच्या तळाखाली लपलेलं किंवा धातूच्या बाजूंसकट आलेलं चॅनल असेल तर तिथे कारागिराचं म्हणणं खरं ठरू शकतं, कारण त्याचे खटके आणि मागचे हूक त्या कंपनीपुरतेच असतात. दिसायला ती रचना देखणी असते. पण दहा वर्षांनी दुरुस्ती व्हावी असं वाटत असेल तर आम्ही साधं टेलिस्कोपिकच सुचवू.

नव्याने किचन करणाऱ्यांसाठी थोडं आणखी. युरोपातल्या फर्निचर कारखान्यांतून 32 मिमीची पद्धत आली. कपाटाच्या बाजूच्या फळीला समोरच्या कडेपासून 37 मिमी आत 5 मिमी व्यासाच्या भोकांची उभी रांग मारायची आणि दोन भोकांमध्ये 32 मिमी अंतर ठेवायचं. बिजागरीची पट्टी, चॅनल, फळीचा टेकू, सगळं याच भोकांत लागतं. कारखान्यात बनलेल्या कपाटात ही रांग दिसेल. जागेवर सुताराने केलेल्या कपाटात नसते. तिथे प्रत्येक स्क्रू हाताने मारलेला असतो आणि दुसऱ्यांदा त्याच भोकात तो धरत नाही. ‘मॉड्युलर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच किचनमध्ये फक्त लॅमिनेट चकचकीत असतं. ऑर्डर देण्याआधी एक कपाट उघडून भोकांची रांग बघा.

सुताराकडून करून घ्यायचं असेल तर ड्रॉवरच्या रुंदीचा हिशेब आधीच समजून घ्या. बाहेरून 600 मिमी कपाट, 18 मिमीच्या दोन बाजू, म्हणजे आत 564. पण आतून 0.8 मिमीचा लायनर (लॅमिनेटचा पातळ थर) दोन्हीकडे चिकटवला की 562.4 उरतात. दोन चॅनलचे 25.4 वजा केले की 537, आणि ड्रॉवर त्याहून अर्धा ते एक मिमी कमी करायचा. लायनर विसरून ड्रॉवर 538.6 चा केला तर तो आत गच्च अडकतो, जोर लावून ढकलावा लागतो, आणि चॅनलच्या गोळ्या दोन वर्षांत बाहेर येतात.

पुण्यात बहुतेक घरांत कडाप्प्याच्या उभ्या फळ्यांवर ग्रॅनाइटचा ओटा असतो आणि मधल्या खणांत ट्रॉल्या बसतात. ही रचना मुळात फार चांगली आहे, कारण ओट्याचं वजन कपाटांवर येत नाही आणि सिंकखालचं कुजलेलं कपाट ओटा न हलवता ओढून काढता येतं. अट एकच : खणाची रुंदी वर, मध्ये, खाली आणि पुढे-मागे अशी सहा ठिकाणी मोजा, सगळ्यात कमी माप धरा आणि त्यातून 10 मिमी वजा करून कपाट करा. उरलेली फट समोरून पट्टीने झाकता येते. कपाटाखाली 100 मिमीचे फिरवून उंची बदलता येणारे पाय लावा. पाय नसलेलं कपाट फरशीचं पाणी पितं.

प्रश्न : जुन्या वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीत राहतो. एक स्विच खराब झाला, तर तापकीर गल्लीत सांगितलं की ती सीरिज बंद झाली, पूर्ण बोर्ड बदला. हे खरं असतं का?
— ज्येष्ठ नागरिक, सदाशिव पेठ

उत्तर : बऱ्याचदा खरं असतं. मॉड्युलर बोर्डचे चार थर असतात : भिंतीतली पत्र्याची पेटी, तिच्यावर स्क्रूने लागणारी फ्रेम, फ्रेममध्ये खटक्याने बसणारे स्विच आणि वरची प्लेट. फ्रेमचा खटका प्रत्येक कंपनीचा, कधी कधी प्रत्येक सीरिजचा वेगळा असतो. म्हणून स्विच, फ्रेम आणि प्लेट हे त्रिकूट एकत्रच बदलावं लागतं. भिंतीतली पेटी बहुतेक वेळा वाचते. पेटीच्या दोन स्क्रूंच्या भोकांमधलं अंतर आणि बोर्ड किती मॉड्युलचा आहे ते लिहून दुकानात न्या, म्हणजे भिंत फोडावी लागणार नाही. नवी सीरिज घेताना त्याच वेळी दोन स्विच आणि एक सॉकेट जादा घेऊन ठेवा.

एमसीबीचं (जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच) मात्र उलट आहे. त्या 35 मिमी रुंदीच्या डिन पट्टीवर बसतात आणि एका पोलची रुंदी सुमारे 18 मिमी असते. हे माप सगळ्यांनी पाळलं आहे, त्यामुळे कुठल्याही कंपनीची एमसीबी पट्टीवर टिच्चून बसते. तरी दोन सावधगिऱ्या. एमसीबींना खालून जोडणारी तांब्याची दातेरी पट्टी असेल तर वेगळ्या कंपनीच्या एमसीबीचं तोंड दात्यासमोर येईलच असं नाही. अर्धवट घुसलेला दाता तापतो. आणि 10 अँपिअरची एमसीबी वारंवार पडते म्हणून तिच्या जागी 32 ची लावू नका. ती बसेल, पण भिंतीतली 1.5 चौरस मिमीची तार तीच राहणार आहे, आणि मग एमसीबी पडण्याआधी तार जळेल. हे काम मेन बंद करून परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

प्रश्न : इन्व्हर्टरला 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत. चार वर्षांनी एक खराब झाली म्हणून तीच बदलली. आठ महिन्यांत नवीही बसली. दुकानदाराने फसवलं का?
— सिंहगड रोड

उत्तर : तसं वाटत नाही. दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून 24 व्होल्ट केले आहेत, त्यामुळे दोघींतून सारखाच करंट वाहतो. इन्व्हर्टर मात्र फक्त एकूण व्होल्टेज बघतो. वीज गेल्यावर जुनी आधी रिकामी होते, 9 व्होल्टवर येते, तेव्हा नवी 12 वर असते. बेरीज 21 होईपर्यंत इन्व्हर्टर जुनीला पिळत राहतो. चार्जिंगच्या वेळी जुनीतला एखादा सेल शॉर्ट झाला तर ती 11.5 च्या आसपास अडकते. चार्जर 27.6 व्होल्ट गाठायला बघतो, म्हणजे नवीच्या वाट्याला 16 व्होल्ट येतात. तिचं पाणी उकळून उडतं, प्लेटा उघड्या पडतात.

खोका, टर्मिनल आणि अँपिअर-अवर जुळले तरी बॅटरीचं वय जुळत नाही, आणि अशा जोडीत वय हेसुद्धा माप आहे. म्हणून दोन्ही एकदम, एकाच बनावटीच्या आणि एकाच महिन्याच्या घ्या. जुनी बरी असेल तर ती 12 व्होल्टच्या छोट्या इन्व्हर्टरला वेगळी चालेल. दर महिन्याला पाणी बघताना मल्टिमीटरने दोघींचं व्होल्टेज वेगवेगळं मोजा. फरक वाढताना दिसला की समजा.

प्रश्न : चाकणला एकाच प्लॅटफॉर्मवर (गाडीचा सामायिक मूळ सांगाडा) दोन ब्रँडच्या गाड्या बनतात. मग एकीचा भाग दुसरीला लागेल का?
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, आकुर्डी

उत्तर : ज्या भागांचा पार्ट नंबर एक आहे तेच लागतील. फोक्सवॅगन टायगुन आणि स्कोडा कुशाक या 2021 साली आलेल्या गाड्या एमक्यूबी-ए0-आयएन या प्लॅटफॉर्मवर आहेत आणि चाकणला तयार होतात. एमक्यूबीमध्ये, म्हणजे फोक्सवॅगन समूहाच्या या प्लॅटफॉर्म-कुटुंबात, पुढच्या चाकाचा मध्य आणि पेडल यांतलं अंतर ठरलेलं असतं. इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, एसी अशी सगळ्यात महाग आणि गुंतागुंतीची गर्दी त्याच जागेत असते, म्हणून ती एकदाच ठरवली. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, मागचा भाग आणि बाहेरचा पत्रा मोकळा ठेवला. त्यामुळे सस्पेन्शन आणि इंजिनाच्या बाजूचे बरेच भाग सामायिक असतात; बंपर, दिवे, बॉनेट आपापले.

परीक्षेत सहसा न येणारी पण कारखान्यात रोज लागणारी गोष्ट म्हणजे पार्ट नंबरची शिस्त. भागात बदल केल्यावर नवा भाग जुन्याच्या जागी आणि जुना नव्याच्या जागी, दोन्हीकडून चालत असेल तर नंबर तोच, फक्त रिव्हिजन वाढवायची. एकीकडूनही अडत असेल तर नवा नंबर द्यायचाच. हे न पाळल्यास गोदामात एकाच खणात न जुळणारे दोन भाग पडून राहतात. आणि सामायिक भागाचा तोटाही समजून घे : त्यात दोष निघाला तर तो वापरणाऱ्या सगळ्या गाड्या परत बोलवाव्या लागतात.

प्रश्न : आम्ही पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. व्याजाच्या नियमात बदल केला की पासबुक छपाई बिघडते, छपाई सुधारली की ऑडिटचा रिपोर्ट चुकतो. सगळं मोडून मायक्रोसर्व्हिसेस (नेटवर्कवरून एकमेकांशी बोलणारे छोटे सुटे प्रोग्रॅम) करावं असं काही सहकाऱ्यांचं मत आहे. करावं का?
— सॉफ्टवेअर अभियंता, बाणेर

उत्तर : आधी भाग कसे पाडले आहेत ते बघा. बहुतेक तुमचे मॉड्युल कामाच्या क्रमाने पाडलेले असतील : नोंद घेणं, तपासणं, हिशेब, छपाई. दिसायला ते नीट असतं, पण चारही मॉड्युलना खात्याच्या टेबलचे कॉलम माहीत असतात. एक कॉलम हलला की चौघं पडतात. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी 1972 सालच्या एका निबंधात नेमकं हेच दाखवलं. जे निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे त्यांची यादी करायची आणि एकेक निर्णय एकेका मॉड्युलच्या पोटात लपवायचा, असं त्यांचं सांगणं.

पतसंस्थेत काय बदलतं? व्याज काढायची रीत, पासबुकचा आकार, एसएमएस पाठवणारी कंपनी, ऑडिटचे तक्ते. व्याजाचंच घ्या. बँकांमध्ये बचत खात्याचं व्याज पूर्वी महिन्याच्या 10 तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर निघायचं. 1 एप्रिल 2010 पासून ते रोजच्या शिलकेवर निघू लागलं. असा बदल आला तर तुमच्या किती फाइली उघडाव्या लागतील? उत्तर एकापेक्षा जास्त असेल तर भाग चुकीच्या जागी पाडले आहेत.

व्याजाच्या मॉड्युलने बाहेर एकच दार ठेवावं : खाते क्रमांक, पासूनची तारीख, पर्यंतची तारीख द्या आणि रक्कम घ्या. या दारावर चार गोष्टी लिहिलेल्याच हव्यात. रक्कम पूर्णांकात आणि पैशांत, कारण दशांश अपूर्णांक फ्लोटमध्ये (संगणकाच्या अंदाजी अपूर्णांकात) ठेवले की पैसे हरवतात. ‘पर्यंत’ची तारीख धरायची की सोडायची. रुपयांत पूर्णांकन रोज करायचं की शेवटी एकदा. आणि खातं मध्येच बंद झालेलं असेल तर काय परत द्यायचं. अनुभवी टीमसुद्धा दुसऱ्या आणि तिसऱ्या मुद्द्यावर घसरतात, आणि मग दोन रिपोर्टांत एका दिवसाच्या व्याजाचा फरक येत राहतो.

काम असं करा. प्रत्येक मॉड्युलला डेटाबेसमध्ये वेगळा स्कीमा (टेबलांचा स्वतंत्र कप्पा) आणि वेगळा यूजर द्या. व्याजाची टेबलं फक्त व्याजाच्या यूजरला वाचू द्या. हे चाचणीच्या सर्व्हरवर केलंत की लगेच दहा ठिकाणी परवानगी नाकारल्याचे एरर येतील; चोरवाटांची यादी आयती मिळाली. कोड वाचून ती कधीच इतकी पुरी निघत नाही. मग जुन्या कोडने गेल्या आर्थिक वर्षाचं सगळ्या खात्यांचं व्याज काढून गोठवून ठेवा. नवं मॉड्युल शेजारी चालवा आणि पैशापर्यंत जुळवा. जिथे फरक येईल तिथे जुना कोड बरोबर असेलच असं धरू नका, पण कुठला बरोबर हे संस्थेच्या हिशेबनिसाकडून लेखी घ्या. सगळं जुळल्यावर जुनी वाट बंद करा, आणि मग पासबुककडे वळा. एका वेळी एकच मॉड्युल.

मायक्रोसर्व्हिसबद्दल आमचं मत स्पष्ट आहे : आत्ता नको. एकाच प्रोग्रॅममधला फंक्शन कॉल नगण्य वेळात होतो. तोच नेटवर्कवरून गेला की एका डेटा सेंटरमध्येसुद्धा अर्धा मिलिसेकंद धरावा लागतो. 20,000 खात्यांच्या लूपमध्ये एकेक कॉल केलात तर 10 सेकंद निव्वळ वाटेत जातील. त्याहून गंभीर म्हणजे व्यवहाराची अखंडता. बचत खात्यातून कर्जाचा हप्ता वळता करताना आज एकाच डेटाबेसमध्ये एकच कमिट होते : दोन्ही नोंदी होतात किंवा एकही होत नाही. दोन सर्व्हिस झाल्या की पहिली नोंद होऊन दुसरी अडकू शकते. त्यासाठी उलट नोंदी, पुनःप्रयत्न आणि एकच व्यवहार दोनदा न होण्याची तजवीज, असं सगळं यंत्रणेत बांधावं लागतं. एकाच प्रोग्रॅममध्ये राहून सीमा पक्क्या करा. ज्या भागाचा भार खरोखर वेगळा आहे, उदाहरणार्थ महिनाअखेरचे एसएमएस, तो पुढे सुटा काढा. सीमा आधीच पक्की असेल तर ते काम लहान राहतं, आणि सीमा कच्ची असताना तोडलं तर तोच गुंता नेटवर्कवर पसरतो.

प्रश्न : तीन सुती बोल्ट एम-10 च्या नटात दोन-तीन आटे सहज जातो. अडीअडचणीला वापरला तर चालेल का?
— गॅरेज मेकॅनिक, नाना पेठ

उत्तर : नाही. तीन सूत म्हणजे 3/8 इंच, व्यास 9.525 मिमी, आणि व्हिटवर्थ या ब्रिटिश इंची आट्यात इंचाला 16 आटे, म्हणजे पिच (दोन आट्यांमधलं अंतर) 1.5875 मिमी. एम-10 चा साधा पिच 1.5. एका आट्याला 0.09 मिमीच्या आतच फरक पडतो, म्हणून सुरुवातीला कळत नाही. पण दहा आट्यांत जवळपास 0.9 मिमी साचतो. शिवाय बोल्ट जवळजवळ अर्धा मिमी बारीक असल्यामुळे आटे टोकाटोकालाच धरतात. आवळताना ताण एक-दोन आट्यांवर येतो आणि ते सोलून निघतात, तेही बहुतेक वेळा गाडी चालताना.

गाड्यांमध्ये एम-10 चाच 1.25 पिचचा बारीक आटाही खूप ठिकाणी असतो, त्यामुळे फक्त व्यास बघून बोल्ट उचलू नका. बोहरी आळीत पिच गेज सहज मिळतं. त्याचं पातं आट्यावर ठेवून उजेडाकडे धरा, फट दिसली तर पिच वेगळा. आटा जुळला तरी डोक्यावरचा आकडा वाचा. 8.8 लिहिलेला बोल्ट दर चौरस मिमीला 800 न्यूटन ताणापर्यंत तुटत नाही आणि 640 ला कायमचा लांबायला लागतो, 10.9 चे आकडे 1000 आणि 900. ब्रेक कॅलिपर, स्टिअरिंग आणि चाकाच्या जागी जो आकडा निघाला तोच परत घाला, आणि डोक्यावर आकडाच नसलेला बोल्ट तिथे लावू नका.